एक उतार हवा आहे

"हा खेळ आपल्याकडचा नाही हो, मॅडम." गेल्या डिसेंबरात एका कार्यालयात टेबलापलीकडच्या गृहस्थांनी मला हे अगदी सौम्यपणे सांगितलं. मी अर्ज घेऊन गेले होते. मागणी एवढीच होती की बेलापूरच्या पारसिक हिलवर चढणाऱ्या रस्त्याचा एक आतला फाटा, जेमतेम दीडशे मीटरचा, रविवारी सकाळी सहा ते आठ वाहनांसाठी बंद ठेवावा. तिथे आमची बारा-चौदा मुलं इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर, स्लॅलमचा, म्हणजे खुणांमधून वळणं घेत उतरण्याचा, सराव करतात. अर्जाची पोच मिळाली, शिक्का मिळाला, उत्तर अजून आलेलं नाही. उत्तराची वाट पाहायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, त्याबद्दल मी हे लिहीत नाही. ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. खेळ "आपल्याकडचा" कधी होतो आणि ते ठरवतं कोण?

आधी आमचा सराव कसा चालतो ते सांगते. चहाचे कागदी कप रस्त्यावर उपडे ठेवायचे आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा. एक कप डावीकडे, पुढचा चार पावलं खाली उजवीकडे, असे पंचवीस-तीस. मुलं वरून सुटतात आणि कपांच्या आतून-बाहेरून वळणं घेत खाली येतात. माझी भाची अकरा वर्षांची आहे. ती वळते तेव्हा मी फक्त तिच्या बाहेरच्या पायाकडे बघते. डावीकडे वळायचं तर सगळा भार उजव्या पायावर जायला हवा, गुडघा आत झुकायला हवा आणि खांदे मात्र खाली उताराकडेच बघत राहायला हवेत. भीती वाटली की माणूस आपोआप मागे रेलतो. मागे रेललं की चाकांची पकड सुटते आणि पडायला होतं. म्हणजे पडायचं नसेल तर ज्या दिशेची भीती वाटते तिकडेच झुकायचं. हे कळायला तिला चार महिने लागले. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ती न बोलता पुन्हा वर चढली, पुन्हा खाली आली, असं सतरा वेळा.

बर्फावरच्या स्कीइंगमध्येही वळण हेच आहे. भार बाहेरच्या पायावर, कड रुतलेली, खांदे दरीकडे. युरोपात उन्हाळ्यात बर्फ नसतो तेव्हा कितीतरी मुलं डांबरी उतारावर इनलाइन स्केट्स घालून असाच सराव करतात, आणि त्या प्रकाराच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धाही होतात. त्यामुळे पारसिक हिलवर कप मांडणारी मुलं खेळाची नक्कल करत नाहीत. ती त्या खेळाचं पहिलं अक्षर गिरवत आहेत.

आता माझं म्हणणं थेट मांडते. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी, सिडकोनं, मुलांना निदान एक सुरक्षित, विनामूल्य, वाहनमुक्त उतार द्यावा. आधी रविवारचे दोन तास बंद राहणारा रस्ता. पुढे, जमेल तेव्हा, एखाद्या मेलेल्या जमिनीवर प्लास्टिकच्या ब्रशचा कोरडा स्की-उतार. आणि हे पदकासाठी मागायचं नाही. शहरातल्या मुलाला वेग, तोल आणि भीती यांची ओळख स्वतःच्या पायांवर व्हावी म्हणून मागायचं.

कोरडा उतार म्हटल्यावर लोक माझ्याकडे शंकेनं बघतात, म्हणून डेव्ह रायडिंगची गोष्ट सांगते. इंग्लंडच्या लँकाशायरमधला हा मुलगा पेंडलच्या डोंगराजवळच्या एका छोट्या कृत्रिम उतारावर स्की शिकला. तिथे बर्फ नव्हता. ब्रशच्या दातांसारख्या प्लास्टिकच्या चटया होत्या, पडलं की कातडं सोलून काढणाऱ्या. बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत त्यानं खऱ्या बर्फावर पाय ठेवला नव्हता. ऑस्ट्रियातल्या, स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या वयाच्या मुलांनी तोवर दहा हिवाळे बर्फात काढले होते. २२ जानेवारी २०२२ ला ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेलला, जिथं जिंकणं म्हणजे या खेळात पंढरी गाठणं समजतात, या माणसानं स्लॅलमची शर्यत जिंकली. वय ३५. अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या, स्कीइंगचा विश्वचषक म्हणजे हिवाळाभर चालणारी शर्यतींची मालिका, ती १९६७ पासून चालू आहे. तेव्हापासून एकाही ब्रिटिश खेळाडूनं त्यातली एकही शर्यत जिंकली नव्हती. पेंडलचा उतार नसता तर ती पहिली शर्यत कुणी जिंकली असती, मला माहीत नाही. रायडिंग मात्र नक्की नसता.

या खेळातल्या मोठ्या नावांच्या मागे गेलं की पुन्हा पुन्हा असाच लहानसा, घराजवळचा उतार सापडतो. स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क टार्नाबी परिसरातला. पाचशेच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्या एका बिल्डिंगइतकी. त्या पोरानं विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकल्या आणि तो विक्रम तीन दशकांहून जास्त टिकला. अनया पार्सन, ऑलिंपिक सुवर्णविजेती, तीही त्याच गावची. अमेरिकेची लिंडसी वॉन मिनेसोटातल्या बक हिलवर वाढली. ती टेकडी तीनशे फुटांच्या आसपास, आपली पारसिक तिच्यापेक्षा उंच आहे. खाली यायला काही सेकंद, दोरीला धरून पुन्हा वर. एका संध्याकाळी किती फेऱ्या होत असतील याचा हिशोब करा. मोठ्या पर्वतावर दिवसभरात जितकी वळणं होतात त्याहून जास्त वळणं असल्या टेकडीवर होतात. वॉननं पुढे विश्वचषकाच्या ऐंशीहून जास्त शर्यती आणि २०१० साली व्हँकुव्हरला डाउनहिलचं, म्हणजे सुसाट वेगाच्या शर्यतीचं, सुवर्णपदक जिंकलं.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती क्रोएशियाची यानित्सा कोस्तेलिच. झाग्रेब हे शहर, आणि त्याच्या डोक्यावर स्लेमे नावाचा डोंगर. ठाण्याच्या डोक्यावर येऊर आहे ना, तसा. देश नुकताच युद्धातून बाहेर पडलेला, घरात पैसा नाही. वडील आन्ते हेच प्रशिक्षक. स्पर्धांना जाताना हॉटेल परवडत नसे म्हणून या कुटुंबानं गाडीत आणि तंबूत रात्री काढल्या. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये त्या मुलीनं तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. पुढे तिच्या भावानं, इवित्सानं, २०११ साली विश्वचषकाचं एकूण विजेतेपद जिंकलं. "स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ" असं मला कुणी सांगितलं की मी हे घर डोळ्यांसमोर आणते. खेळ महाग आहे हे मान्य. स्कीची जोडी, बूट, लिफ्टची तिकिटं, सगळंच. म्हणूनच तर सार्वजनिक उतार हवा. पोहणं कधीकाळी ज्यांच्या गावात नदी किंवा वाड्यात विहीर होती त्यांच्यापुरतं होतं. महापालिकेनं तरणतलाव बांधले आणि चाळीतली मुलं पोहायला शिकली.

पण आपल्या देशाचा या खेळाशी संबंध काय, हा प्रश्न उरतोच. संबंध आहे, आणि तो आजचा नाही. जेरेमी बुजाकोव्स्की १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून स्कीइंग करत उतरला, १९६८ ला ग्रेनोबललाही गेला. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं २०१८ च्या जानेवारीत तुर्कस्तानात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्लॅलमचं कांस्य मिळवलं. गुलमर्गच्या बाजूचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. तिरंगा त्यानंच धरला. जायंट स्लॅलमच्या, म्हणजे जास्त लांब वळणांच्या स्लॅलमच्या, दिवशी बर्फ कोसळत होता, समोरचं दिसत नव्हतं आणि जवळपास निम्म्या स्पर्धकांना शर्यत पूर्ण करता आली नाही. आरिफनं ती पूर्ण केली, ४५ वा आला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या बातम्यांत त्याला दोन ओळी मिळाल्या. मी तो व्हिडिओ माझ्या भाचीला कितीदा दाखवला असेल! ती म्हणते, "मावशी, तो हळू येतोय, पण पाय बघ."

यावर "ते डोंगरातले लोक, आपण समुद्राकाठचे" असं म्हणणाऱ्यांनी कोडगूच्या भवानीचं नाव ऐकावं. कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली ही मुलगी क्रॉस-कंट्री, म्हणजे बर्फातल्या लांब पल्ल्याच्या, स्कीइंगमध्ये भारताकडून धावते. महाराष्ट्राची मुलं लेहला जाऊन खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत आइस स्केटिंगची पदकं आणतात. चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारनं सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये चाकांवरच्या स्पीड स्केटिंगचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, भारताचं या खेळातलं पहिलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोलर स्केटिंगच्या रिलेत कांस्य जिंकणाऱ्या आपल्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावं होती. चाकांवर आपली मुलं जगात कुठंही कमी नाहीत. चाकांवरून पुढे कुठं जायचं ती वाट तेवढी आपण बांधलेली नाही.

आणि देशाची सीमा तरी या खेळात कुठं पक्की आहे? लुकास पिन्हेरो ब्राथेन ऑस्लोत जन्मला, वडील नॉर्वेचे, आई ब्राझीलची. नॉर्वेकडून २०२३ साली त्यानं स्लॅलमचा विश्वचषक जिंकला, मग खेळ सोडला, आणि २०२४ ला परत आला तो ब्राझीलच्या पिवळ्या-हिरव्या रंगात. त्याच डिसेंबरात बीव्हर क्रीकला दुसरा येऊन त्यानं ब्राझीलला विश्वचषकाच्या पोडियमवर पहिल्यांदा उभं केलं. ब्राझीलमध्ये बर्फ किती पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली मुलं आज हा खेळ आपला म्हणतात, कारण त्यांच्यासाठी तो खेळणारा एक जण आहे.

क्रिकेट तरी आपलं कधी होतं? २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मी बाहेर सर्व्हिस रोडवर होते. तिकीट मिळालं नव्हतं. फटाके, ढोल, अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. त्या संघातल्या कितीजणींना लहानपणी "मुलींचा खेळ नाही हा" असं ऐकावं लागलं असेल! "मुलींचा नाही" आणि "आपल्याकडचा नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच घरातली आहेत. दोन्हींना उत्तर देतं ते मैदान, आणि त्या मैदानावर घालवलेली वर्षं.

इथं मला थोडं थांबून वेगळं काही सांगायचं आहे, कारण उतार मिळाला आणि आपण त्याचं वाटोळं केलं तर काही उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी एका स्केटिंग स्पर्धेला मी भाचीला घेऊन गेले होते. स्पर्धेचं नाव मोठं होतं, प्रवेश फीही तशीच. सहा वर्षांखालच्या गटात एक मुलगी चौथी आली. चौथ्याला पदक नव्हतं. तिचे बाबा मोबाइलवर शूटिंग करत होते, त्यांनी मोबाइल खाली केला आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "वळताना काय झालं तुला?" ती मुलगी काही बोलली नाही. तिनं खाली बसून बुटाच्या लेस सोडायला सुरुवात केली. तिच्या बोटांना गाठ सुटत नव्हती. पुढच्या वर्षी ती दिसली नाही.

नॉर्वेत असं करायला बंदी आहे. तिथल्या क्रीडा महासंघाचे मुलांच्या खेळाबद्दल लेखी नियम आहेत. मूल अकरा वर्षांचं होण्याआधी निकालाच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. कोणता खेळ खेळायचा, किती खेळायचा हे ठरवताना मुलाचं म्हणणं ऐकायचं. या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या घरात, आपला एकटा ठाणे जिल्हा त्याहून मोठा. बीजिंगला २०२२ साली नॉर्वेनं १६ सुवर्णपदकं जिंकली. तोवर एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी सुवर्णं कोणत्याही देशाला मिळाली नव्हती. त्यांच्या योहानेस क्लेबोनं २०२५ साली ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत क्रॉस-कंट्रीच्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. त्याचे प्रशिक्षक त्याचे आजोबा. बर्फ त्यांच्याकडे आहेच, पण बर्फ फिनलंडकडेही आहे, रशियाकडेही आहे. लहान मुलाला गुण न देता खेळू देण्याचं धाडस त्यांनी जास्त केलं, असं माझं मत आहे.

अमेरिकेची स्कीपटू मिकाएला शिफ्रिन, तिचंही तेच. तिच्या आईवडिलांनी लहानपणी शर्यतींपेक्षा सरावावर भर दिला. एकचाकी सायकल चालव, चेंडू झेल, एकच वळण शंभर वेळा घे. १८ व्या वर्षी सोचीच्या ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं सुवर्ण. मग २०२० साली वडील गेले. २०२२ ला बीजिंगमध्ये सगळं जग बघत असताना ती तीन शर्यतींत अर्ध्यातून बाहेर पडली, एकही पदक नाही. उताराच्या कडेला बर्फात बसून राहिलेली शिफ्रिन मी टीव्हीवर बघितली आहे. पुढच्याच मोसमात तिनं १४ शर्यती जिंकल्या आणि मार्च २०२३ मध्ये, स्वीडनमध्येच, ओरे इथे, स्टेनमार्कचा ८६ चा विक्रम मागे टाकला. ९९ वर असताना पुन्हा मोठा अपघात, पोटात खोल जखम. २३ फेब्रुवारी २०२५ ला सेस्त्रिएरेत तिची शंभरावी शर्यत जिंकून झाली. पडून उठण्याची ही ताकद सहाव्या वर्षी मिळालेल्या पदकातून येत नाही. कुणी मोजत नसताना हजार वेळा पडल्यामुळे ती येते.

म्हणून माझ्या मागणीत ही अट पहिल्या दिवसापासून आहे: या उतारावर बारा वर्षांखालच्या मुलांची क्रमवारी लागणार नाही आणि इथून फ्लेक्स लागणार नाहीत.

आता आक्षेप. पहिला पैशाचा. घोडबंदर रोडवर खड्ड्यांतून जाताना कंबर मोडते, पाणी एक दिवसाआड, आणि तुम्हाला स्कीचा उतार हवा? हा राग मला समजतो, मीही त्याच रस्त्यानं जाते. पण रविवारी दोन तास एक फाटा बंद ठेवायला लागतात ते दोन बॅरिकेड आणि एक माणूस. खर्चाचा प्रश्न येतो तो दुसऱ्या टप्प्यात, आणि तिथे मी घाई करत नाही. आधी वर्षभर मुलं येतात का ते बघा.

दुसरा आक्षेप डोंगराचा. तो माझाही आहे. येऊरला हात लावायचा नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्याचं घर आहे. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडीचे लोक राहतात, तो रस्ता त्यांचा आहे. तो आमच्यासाठी दोन मिनिटंही बंद होता कामा नये. पारसिकच्या रांगेत मात्र आपण आधीच ओरबाडून टाकलेल्या, बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. आणि कचऱ्याचे डोंगर आहेत. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान बंद केलेल्या डंपिंग ग्राउंडवर उभं आहे. आज तिथे लोक सकाळी फिरतात. म्हणजे हे आपल्याला जमतं. डेन्मार्कचा सगळ्यांत उंच नैसर्गिक माथा जेमतेम १७० मीटर. त्या सपाट देशानं कोपनहेगनमध्ये कचऱ्यापासून वीज करणाऱ्या कारखान्याच्या छपरावरच चारशे मीटरहून लांब कोरडा स्की-उतार बांधला, २०१९ साली तो लोकांना खुला झाला. मोठं शहर, कचरा आणि उतार यांची सांगड तिथे बसली. आपण निदान एक उतरती जमीन शोधू शकतो.

कुणी म्हणेल, मॉलमध्ये थंड खोली करून खरा बर्फच आणू की. दुबईनं २००५ साली आणला, बाहेर चाळीस अंश आणि आत शून्याखाली. मला ते नको आहे. त्याचं विजेचं बिल कुणीतरी भरतं आणि ते तिकिटातून वसूल होतं, मग ते दारातच अर्ध्या शहराला थांबवतं. शिवाय नैसर्गिक बर्फाचा भरवसा आता बर्फाळ प्रदेशांनाही राहिलेला नाही. बीजिंगचं ऑलिंपिक जवळपास पूर्ण कृत्रिम बर्फावर झालं. गुलमर्गला फेब्रुवारी २०२५ च्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फ नाही म्हणून मार्चवर ढकलाव्या लागल्या. ब्रशचा उतार तेवढा कुणाच्या कृपेवर नाही. उलट त्याला पाणी लागतं, ओला झाला की घर्षण कमी होतं आणि स्की छान सरकते. म्हणून परदेशात त्यावर पाण्याचे फवारे सोडतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते काम आभाळ करील. इतर मोसमांत उन्हानं प्लास्टिक तापतं, तेव्हा सकाळी लवकर किंवा दिवे लावून संध्याकाळी.

त्या कार्यालयातल्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात राग नाही. बाहेर निघताना त्यांनी मला विचारलं होतं, मुलांना लागत नाही का हो? मी म्हटलं, लागतं. गुडघ्याला, कोपराला गार्ड असतात, हेल्मेट असतं, तरी लागतं. ते म्हणाले, माझी नात पण सोसायटीत स्केटिंग करते, वॉचमन ओरडतो. मी त्यांना रविवारी घेऊन या म्हटलं. ते अजून आलेले नाहीत.

गेल्या रविवारी सव्वासातला, फाट्याच्या तोंडाशी, सामान पोचवणारा एक मुलगा बाइकवर आला. आमचा स्वयंसेवक त्याला हात करायच्या आत त्यानं स्वतःच गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि उभा राहिला. वरून माझी भाची सुटली होती. तीस कप, मधले दोन पडले. ती खाली येऊन थांबली, धापा टाकत. त्यानं विचारलं, "काय आहे हे?" ती म्हणाली, "स्लॅलम." त्यानं तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग तो वाकला, पडलेले दोन्ही कप उचलून होते तिथं ठेवले, त्यांच्यावर खडे ठेवले आणि गाडी ढकलत कडेकडेनं पुढे गेला.

दुसरा अर्ज तयार आहे, चौसष्ट सह्यांचा. उद्या पुन्हा त्याच टेबलाशी जाते आहे.